घोरणाऱ्याच्या शेजारी

"इतक्या मोठ्यानं घोरतात, मग त्यांना स्वतःला जाग कशी येत नाही?" घोरण्याचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारी बहुधा बायको असते. तिचा दुसरा प्रश्न जास्त निकडीचा असतो: मी काय करू? घोरण्यावर जे काही सल्ले दिले जातात ते बहुतेक घोरणाऱ्याला उद्देशून असतात. पण त्याची तक्रारच नसते. सकाळी उठून तो म्हणतो, "मी कुठं घोरतो?" म्हणून या प्रकरणात आपण शेजारी जागणाऱ्याच्या बाजूनं बघू. त्याला आवाज सोसावा लागतो हे खरंच, पण रात्री नेमकं काय घडतं हेही त्यालाच ठाऊक असतं. ते घोरणाऱ्याला माहीत नसतं आणि डॉक्टरलाही नसतं.

१. आवाज येतो कुठून?

नाकातून आत गेलेली हवा फुप्फुसांकडे जाताना घशातून जाते. पुढे श्वासनलिका लागते, तिला कूर्चेच्या कड्यांचा भक्कम आधार असतो. घशाच्या वरच्या भागाला मात्र असा आधार नाही. याच जागेतून आपल्याला गिळायचं असतं, बोलायचं असतं, त्यामुळे ती लवचीक असावी लागते. इथे मऊ टाळू आहे, पडजीभ लोंबते आहे, जिभेचा जाड मागचा भाग आहे, आणि हे सगळं स्नायूंनी ताणून धरलेलं आहे. झोप लागली की हे स्नायू सैल पडतात. माणूस उताणा असेल तर जीभही मागे सरकते आणि वाट अरुंद होते.

अरुंद वाटेत काय होतं ते शहाळ्याच्या गाडीवर बघता येतं. हल्ली तिथे कागदाची नळी मिळते. अर्धं शहाळं संपेपर्यंत ती भिजून मऊ पडते. मग हळू ओढलं तर पाणी येतं, जोरात ओढलं की नळीच चपटी होते आणि तोंडात काहीच येत नाही. श्वास आत घेणं हेही ओढणंच आहे. सैल पडलेला घसा थोडा चपटा झाला की हवा त्यातून वेगानं घुसते, टाळू आणि पडजीभ फडफडतात आणि आवाज येतो. हेच घोरणं. घसा पूर्ण चपटा झाला तर आवाजही बंद आणि श्वासही. हा दुसरा प्रकार लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घसा अरुंद करणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत: मानेभोवतीची आणि जिभेतली चरबी, वाढलेले टॉन्सिल, मागे बसलेली हनुवटी, तंबाखूच्या धुरानं आलेली सूज, वाढतं वय. सर्दीनं नाक चोंदलं असेल तर हवा आणखी जोरानं ओढावी लागते. संध्याकाळी घेतलेली दारू आणि काही झोपेच्या गोळ्या मुळातच सैल पडणाऱ्या स्नायूंना आणखी ढिलं करतात. 'जाडी माणसंच घोरतात' हा समज मात्र चुकीचा आहे. लहान जबड्याचा काटकुळा माणूसही अख्खं कार्यालय जागं ठेवू शकतो. लग्नाच्या आदल्या रात्री हॉलमध्ये ओळीनं गाद्या टाकून झोपलेल्या वऱ्हाडाला हे वेगळं सांगायला नको.

२. त्याला जाग का येत नाही?

खरं उत्तर असं की येते, पण त्याला आठवत नाही. श्वास अडला की मेंदू माणसाला काही सेकंदांपुरता झोपेतून वर आणतो. स्नायू ताणले जातात, वाट उघडते आणि तो पुन्हा झोपतो. इतक्या अल्पकाळ आलेल्या जागेची स्मृती मेंदू साठवत नाही. त्यामुळे "मी कुठं घोरतो?" म्हणणारा नवरा खोटं बोलत नसतो. त्याच्या हिशेबी तो रात्रभर ढाराढूर झोपलेला असतो. फक्त सकाळी डोकं जड असतं, तोंड कोरडं पडलेलं असतं, आणि दुपारच्या मीटिंगमध्ये किंवा, त्याहून वाईट म्हणजे, गाडी चालवताना डुलकी लागते.

तेव्हा वाद घालण्यापेक्षा मोबाईलवर रेकॉर्डिंग करावं. पण ते एकांतात ऐकवावं. पाहुण्यांसमोर, हसण्याचा विषय म्हणून एकदा ऐकवलं की तो माणूस पुढची दोन वर्षं डॉक्टरकडे जायचं नाव घेत नाही.

३. कान कशाकडे द्यायचा?

आवाजाचा त्रास होतो म्हणून आपलं सगळं लक्ष आवाजाकडे असतं. पण काळजीची गोष्ट आहे ती मध्येच पडणारी शांतता.

सरळ, एका लयीत, रात्रभर चालणारं घोरणं त्रासदायक असतं, पण बहुतेक वेळा गंभीर नसतं. वेगळा प्रकार असा: घोरणं चढत जातं, मग एकदम थांबतं. छाती-पोट हलत असतं, पण नाकातोंडातून हवा जात नसते. दहा, वीस, कधी चाळीस सेकंद. मग गुदमरल्यासारखा मोठा हुंदका, अंगाला झटका, आणि पुन्हा घोरणं. हा आजार आहे. डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात, म्हणजे झोपेत वारंवार श्वास थांबणं. २०२२ च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा बातम्यांमध्ये हे नाव आलं आणि अनेक घरांत पहिल्यांदा ऐकलं गेलं.

श्वास किमान दहा सेकंद थांबला तर तो एक 'खंड' धरतात. पूर्ण न थांबता बराच कमी झाला आणि त्यामुळे रक्तातला प्राणवायू उतरला किंवा झोप मोडली तर तोही मोजतात. असे तासाला किती खंड पडतात यावरून आजाराची पायरी ठरते: प्रौढांमध्ये ५ पेक्षा कमी म्हणजे ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

समजा, पहाटे तुम्ही दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं आणि त्यात दहा सेकंदांहून लांब अशा चार शांतता सापडल्या. तासाला हे प्रमाण २४ पडतं. हा आकडा म्हणजे निदान नव्हे, कारण नुसता उथळ झालेला श्वास कानाला कळत नाही आणि प्राणवायू किती उतरला हे तर मुळीच कळत नाही. पण डॉक्टरांपुढे 'फार घोरतात हो' म्हणण्यापेक्षा 'दहा मिनिटांत चारदा श्वास थांबला, हे बघा' म्हटलं की बोलण्याचा नूर बदलतो. रेकॉर्डिंग पहाटेचं का? स्वप्नांच्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात आणि ती झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. रात्री अकराला सगळं ठीक वाटून पहाटे चारला वेगळंच चित्र दिसू शकतं.

हा आजार किती जणांना असतो? मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात साधारण चौघांत एक जण नेहमी घोरणारा होता. घरी रात्रभर यंत्र लावून तपासल्यावर निघालेल्या अंदाजानुसार सुमारे १९.५ टक्के पुरुषांत तासाला पाच किंवा जास्त खंड पडत होते. सोबत दिवसाची पेंगही होती असे ७.५ टक्के. म्हणजे सोसायटीच्या एका मजल्यावर चार-पाच मध्यमवयीन गृहस्थ असतील तर त्यांतल्या एकाचा श्वास रात्री अडत असण्याची शक्यता धरायला हरकत नाही.

प्रत्येक खंडात रक्तातला प्राणवायू उतरतो आणि शरीर धोक्याची घंटा वाजवतं. नाडी वाढते, रक्तदाब चढतो. रात्रीतून शंभरदा हे होत राहिलं तर रक्तदाब दिवसाही उतरेनासा होतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही दाब आटोक्यात येत नसेल, रात्री लघवीला चार वेळा उठावं लागत असेल, तर साखर आणि प्रोस्टेटच्या बरोबरीनं झोपेचीही तपासणी करायला हवी. अशा वेळी बायकोला एक प्रश्न विचारला तर बरीच धावपळ वाचते. तो क्वचितच विचारला जातो.

४. शेजारच्याच्या झोपेचा हिशेब

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप जरा फसवं आहे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा आहे ४५ डेसिबल. समोरासमोरच्या गप्पा साधारण ६० च्या आसपास जातात, आणि जोरदार घोरणंही तिथपर्यंत सहज पोचतं. म्हणजे लाउडस्पीकरवर पोलिसांकडे तक्रार करता येईल असा आवाज कानापासून दोन फुटांवर असतो.

त्यातून हा आवाज एकसारखा नसतो. पंख्याची घरघर रात्रभर चालली तरी झोप लागते, कारण मेंदू तिला बाजूला टाकतो. घोरणं थांबतं, चढतं, अडखळतं. थांबलं की ऐकणारा पुढच्या आवाजाची वाट बघत बसतो, आणि श्वास अडतो हे एकदा कळल्यावर तर धास्तीनंच जागा राहतो.

१९९९ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या अभ्यासकांनी दहा जोडप्यांवर एक साधा प्रयोग केला. नवऱ्यावर उपचार सुरू करण्याआधी आणि केल्यावर, बायकोची झोप मोजली. अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी खऱ्या झोपेचा वाटा ७४ टक्क्यांवरून ८७ टक्क्यांवर गेला. रात्रीला सुमारे ६२ मिनिटं झोप वाढली. आठवड्याचा हिशेब करा: सात तासांहून जास्त. दर आठवड्याला एक अख्खी रात्र या बायका गमावत होत्या, आणि औषधपाणी कुणी त्यांचं करत नव्हतं.

५. तोवर काय करायचं?

तपासणी होऊन उपचार लागू पडेपर्यंत काही आठवडे जातात. तोवर कानात कापसाचे बोळे घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यानं फारसं काही साधत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, ते नीट बसवले तर फरक पडतो. बहुतेक जण ते नुसते कानाच्या तोंडाशी खुपसतात आणि 'काही उपयोग नाही' म्हणून टाकून देतात. प्लग बोटांत वळून अगदी बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. तरीही घोरण्यातली खालच्या पट्टीतली घरघर थोडी आत येतेच, कारण खालचे स्वर अडवणं अवघड असतं. म्हणून प्लगच्या जोडीला पंखा चालू ठेवावा, त्याच्या सलग आवाजात उरलेलं बुडून जातं. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर दोन्ही कान बंद करणं अर्थातच परवडत नाही.

दुसरी युक्ती वेळेची आहे. सर्वांत गाढ झोप रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात असते. घोरणाऱ्यानं अर्धा तास उशिरा आडवं व्हावं, म्हणजे तोवर दुसऱ्याची गाडी सुटलेली असते. सामंजस्य असेल तर फुकटातला उपाय आहे.

"अहो, कुशीवर व्हा" म्हणत कोपरानं ढोसणं तर पिढ्यानपिढ्या चालत आलंय, आणि ते शास्त्राला धरूनच आहे. उताणं झोपल्यावर जीभ मागे पडते, कुशीवर ती बाजूला राहते. पण ढोसायचं म्हणजे आपण जागं राहायचं. त्यापेक्षा जुन्या बनियनच्या पाठीवर, खांद्याच्या पात्यांमध्ये, एक खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालावा. उताणं व्हायला गेलं की टोचतं आणि माणूस झोपेतच वळतो. ज्यांचं घोरणं मुख्यतः उताणं असतानाच होतं त्यांना याचा चांगला उपयोग होतो. काही जण मात्र आठ दिवसांत ते बनियन कपाटाच्या तळाशी ढकलतात.

उशांवर उशा रचू नयेत. हनुवटी छातीला टेकते आणि घसा आणखी दुमडतो. डोकं उंच करायचंच तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवाव्यात, म्हणजे मान न मोडता सगळं अंगच तिरकं होतं. दारू घ्यायचीच असेल तर झोपण्याआधी तीन-चार तास थांबवावी. नाक चोंदत असेल तर मिठाच्या पाण्याचा स्प्रे वापरून पाहावा, ॲलर्जी असेल तर तिच्यावर औषध घ्यावं. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याची जी टूम सध्या निघाली आहे तिच्या वाटेला तपासणीशिवाय जाऊ नये. श्वास अडणाऱ्या माणसाची उरलेली वाटही बंद करण्यात शहाणपण नाही. आणि करंगळीत घालायच्या 'घोरणं थांबवणाऱ्या' अंगठ्या? त्या पैशांत बरे इअरप्लग येतात.

वजनाचा परिणाम आकड्यांत माहीत आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये शेकडो लोकांवर काही वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास २००० मध्ये आला. वजन १० टक्क्यांनी घटलं तर श्वासाचे खंड सुमारे २६ टक्क्यांनी घटतात, तेवढंच वाढलं तर सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतात. ८० किलोच्या गृहस्थाचे तासाला २० खंड असतील आणि त्यानं ८ किलो उतरवले, तर सरासरीच्या हिशेबानं खंड १५ च्या आसपास येतील. फायदा खरा आहे, पण आठ किलो उतरेपर्यंत शेजारच्यानं जागायचं का, हा प्रश्न उरतोच.

६. फुंकर घालणारं यंत्र

पूर्वी तीव्र आजारावर एकच खात्रीचा इलाज होता: गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट खालून काढणं. १९८० साली सिडनीमध्ये कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी वेगळा विचार केला. ओढल्यामुळे घसा मिटत असेल तर आतून हलका दाब देऊन तो उघडा का ठेवू नये? भिजलेल्या कागदी नळीत फुंकर घातली की ती पुन्हा गोल होते, तसंच हे. सुरुवातीची यंत्रं त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालवली आणि नाकावरच्या मास्कमधून हवा सोडली. पाच रुग्णांवरचे निष्कर्ष १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्याच यंत्राला आज सीपॅप म्हणतात. ते आता पुस्तकाएवढं झालं आहे आणि पंख्याच्या आवाजात ऐकूही येत नाही.

ते लावायचं की नाही हे झोपेच्या तपासणीवरून ठरतं. बोटाला चिमटा, नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा. ही तपासणी आता अनेकदा घरच्या बिछान्यातही होते. यंत्रानं घोरणं जवळजवळ पहिल्याच रात्री थांबतं. अडचण वेगळीच असते: लोक ते वापरत नाहीत. मास्क टोचतो, नाक कोरडं पडतं, आरशात स्वतःला बघून लाज वाटते. इथे जोडीदाराची भूमिका मोठी आहे. 'हत्तीची सोंड' अशी थट्टा ऐकलेलं यंत्र महिन्याभरात माळ्यावर जातं. मास्कचं माप बदलून मिळतं, दमट हवेची सोय असते, दाब सुरुवातीला कमी ठेवता येतो. हे सगळं विक्रेत्याकडून मागून घ्यावं लागतं.

सौम्य किंवा मध्यम आजारात खालचा जबडा किंचित पुढे धरणारी, दातांवर बसणारी पट्टी दंतवैद्य बनवून देतात. टॉन्सिल मोठे असतील, नाकाचं हाड वाकडं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ शस्त्रक्रिया सुचवतात. मात्र नाक सरळ केल्यानं घोरणं थांबेलच असं नाही.

घशाचे स्नायू कमावण्याचा मार्गही आहे. स्वित्झर्लंडमध्ये २५ रुग्णांपैकी निम्म्यांना चार महिने डिजरिडू हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांबलचक फुंकवाद्य वाजवायला शिकवलं. त्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि जोडीदारांचा त्रासही. २००६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या या अभ्यासाला २०१७ चा इग्नोबेल मिळाला, आणि तोही शांततेसाठी! जयपूरच्या डॉक्टरांनी अशीच चाचणी शंख फुंकण्यावर घेतली. मध्यम आजाराचे ३० रुग्ण, सहा महिने. शंख फुंकणाऱ्यांत सुधारणा दिसली. दोन्ही अभ्यास छोटे आहेत, त्यांवर विसंबून यंत्र बाजूला ठेवू नये. शिवाय रात्रीच्या घोरण्याऐवजी दिवसा घरात डिजरिडू ऐकायचा की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

७. वेगळं झोपणं

आपल्याकडे नवरा हॉलमधल्या दिवाणावर झोपला की सकाळी सासूबाई विचारतात, "भांडलात का रे?" या एका प्रश्नापायी कित्येक जोडपी वर्षानुवर्षं अर्धवट झोपतात. दोन खोल्या असतील तर आठवड्यातले काही दिवस वेगळं झोपण्यात काही गैर नाही. वन-रूम-किचनमध्ये तीही सोय नसते, तिथे स्वयंपाकघरात गादी टाकली जाते आणि ती टाकणारी बहुतेक वेळा बाईच असते. घोरतो एक आणि ओट्याखाली झोपायला जाते दुसरी, ही वाटणी निदान आलटून पालटून तरी व्हावी.

वेगळं झोपण्यात एकच खरा धोका आहे. श्वास थांबतो की नाही हे बघणारं मग कुणी उरत नाही. त्यामुळे आधी तपासणी, मग खोल्या.

८. आणि बायको घोरत असेल तर?

इथे सगळंच उलटं होतं. बाईनं घोरणं लाजिरवाणं मानलं जातं. नवरा एक तर झोपलेला असतो, किंवा तिला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही. पाळी जाईपर्यंत संप्रेरकांचं थोडं संरक्षण असतं, त्यानंतर बायकांमध्येही हा आजार बराच वाढतो. शिवाय त्यांची लक्षणं वेगळी दिसू शकतात. दिवसा पेंगण्यापेक्षा सततचा थकवा, सकाळची डोकेदुखी, झोप न लागणं, उदास वाटणं. मग रक्ताच्या तपासण्या होतात, लोहाच्या आणि थायरॉईडच्या गोळ्या बदलल्या जातात, 'वयाचं आहे' म्हणून समजूत काढली जाते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत नव्यानं सुरू झालेलं घोरणंही डॉक्टरांना सांगायला हवं, कारण त्याचा वाढत्या रक्तदाबाशी संबंध आढळला आहे.

एकट्या राहणाऱ्या, नवरा गेलेल्या बायकांचा श्वास ऐकायला तर कुणीच नसतं. त्यांनी उशाशी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून झोपावं. किंवा सुट्टीला आलेल्या मुलीला, नातीला एक रात्र शेजारी झोपवून सकाळी सरळ विचारावं: मी घोरते का, आणि मध्ये थांबते का?